'आपला माणूस' कुठपर्यंत आपला? नेत्याची पार्श्वभूमी आणि मतदाराशी जुळणारं नातं

गोव्यात दयानंद बांदोडकर यांना लोक 'भाऊसाहेब' म्हणत. त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर 'ताई' झाल्या. इंदूरमध्ये सुमित्रा महाजन यांनाही 'ताई'च म्हणतात. पणजीत मनोहर पर्रीकर 'भाई' होते. ग्वाल्हेर-गुना पट्ट्यात शिंदे घराण्यातला उमेदवार आजही 'महाराज' असतो. बेळगाव-खानापूरकडे उमेदवार नवा असला की पारावर पहिला प्रश्न येतो, "कुणाचा म्हणायचा हा?"

भाऊ, ताई, भाई, महाराज ही सरकारी पदं नाहीत. ती लोकांनी दिलेली नावं आहेत आणि ती देताना लोक नेत्याचं घर, गाव, जात, भाषा, शिक्षण, धंदा असं सगळं विचारात घेतात. निवडणुकीच्या बातम्यांत याला 'वैयक्तिक पार्श्वभूमी' म्हणतात. साध्या बोलण्यात 'आपला माणूस'.

हा आपलेपणा मतांमध्ये किती उतरतो, कुठपर्यंत टिकतो आणि कुठे तुटतो, हे महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वस्तीच्या इतिहासात आकड्यांसह दिसतं. गोवा, इंदूर, ग्वाल्हेर आणि बेळगाव इथली उदाहरणं एकत्र ठेवली तर एक गोष्ट स्पष्ट होते. पार्श्वभूमी नेत्याला मतदाराच्या दारापर्यंत आणते. पण आत गेल्यावर तो जे मागेल ते सगळं मतदार देतोच असं नाही.

पार्श्वभूमी म्हणजे नेमकं काय?

पार्श्वभूमी म्हटलं की पटकन जात आठवते. ती आहेच, पण एकटी नाही. साधारण पाच गोष्टी मतदार बघतो.

पहिली, जन्म आणि समाज. नेता कोणत्या घरात, कोणत्या समाजात जन्मला आणि त्या समाजाला आजवर काय सोसावं लागलं.

दुसरी, भाषा आणि बोली. सभेत कोणत्या भाषेत बोलतो यापेक्षा दारात उभा राहून कोणत्या भाषेत विचारपूस करतो, याला जास्त महत्त्व असतं.

तिसरी, शिक्षण आणि पोटापाण्याचा व्यवसाय. शेतकरी, वकील, डॉक्टर, खाणमालक, इंजिनिअर यातलं काय होता.

चौथी, नातं. कुणाचा मुलगा, कुणाची सून, कुणाची पत्नी.

पाचवी, राहणी. गाडी कोणती, कपडे कसे, लग्नाला-मयताला येतो का.

या पाचांपैकी कोणती गोष्ट चालेल, हे नेत्यावर कमी आणि त्या वेळच्या मतदारसंघावर जास्त अवलंबून असतं. सत्तेच्या खुर्चीत आजवर जो कधी बसलाच नाही, तशा घरातला माणूस समोर आला की पार्श्वभूमीचं वजन एकदम वाढतं. याचं सगळ्यात ठळक उदाहरण गोव्याचं आहे.

भाऊसाहेब : गोव्याने मुख्यमंत्री दिला, विलीनीकरण दिलं नाही

दयानंद बाळकृष्ण बांदोडकर यांचा जन्म १२ मार्च १९११ रोजी पेडणे इथला. ते गोमंतक मराठा समाजातले. पिढ्यानपिढ्या देवळांच्या सेवेशी बांधला गेलेला हा कलावंतांचा समाज. संगीताला या समाजाने मोठमोठी नावं दिली, पण गावच्या व्यवहारात मानाची जागा त्याला मिळत नव्हती. या घरातून आलेल्या बांदोडकरांनी खाण व्यवसायात पैसा कमावला आणि शाळा, संस्था, गरजू माणसं यांना सढळ हाताने मदत केली. राजकारणात येण्याआधीच त्यांचं नाव गावोगावी पोचलं होतं ते यामुळे.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. ९ डिसेंबर १९६३ ला पहिली विधानसभा निवडणूक झाली. गोवा, दमण, दीव मिळून ३० जागा, त्यातल्या २८ गोव्यात. देशभर सत्तेवर असलेल्या काँग्रेसला गोव्यातल्या २८ पैकी एकही जागा मिळाली नाही. बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने, म्हणजे 'मगो'ने १४ जागा घेतल्या. डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाला १२ मिळाल्या. बांदोडकर स्वतः या निवडणुकीत उमेदवारही नव्हते. तरी २० डिसेंबरला मुख्यमंत्रिपदाची शपथ त्यांनीच घेतली आणि नंतर पोटनिवडणुकीतून विधानसभेत आले.

हे कसं झालं ते समजायला त्या वेळच्या गोव्यातले तीन शब्द माहीत हवेत. 'भाटकार' म्हणजे जमिनीचा, बागायतीचा मालक. 'कूळ' म्हणजे त्याची जमीन कसणारा. 'मुंडकार' म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर बांधून राहणारा, ज्याला मालक कधीही ऊठ म्हणू शकत होता. पोर्तुगीज गेले तरी भाटकार तिथेच होता. मुक्तीनंतर काँग्रेसच्या पुढच्या फळीत दिसले ते बहुतेक जुन्या वजनदार घरांतले चेहरे. कुळाला आणि मुंडकाराला त्यात आपलं कुणी दिसलं नाही. बांदोडकरांत दिसलं.

इथे एक प्रश्न सहज येतो. बांदोडकर तर श्रीमंत खाणमालक होते, मग ते गरिबाला आपले कसे वाटले? याचं उत्तर त्या श्रीमंतीच्या स्वरूपात आहे. कुळाचा झगडा खाणीशी नव्हता, वडिलोपार्जित जमिनीच्या मालकीशी होता. बांदोडकरांचा पैसा त्या मालकीतून आलेला नव्हता. खालच्या पायरीवर ठेवलेल्या घरातला माणूस वर गेला आणि वर जाऊनही आपल्याला विसरला नाही, असं लोकांनी ते पाहिलं.

नुसत्या जन्मावर हे नातं टिकलं असतं का, तर नाही. बांदोडकरांच्या काळात गावोगावी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. १९६४ मध्ये कुळांना संरक्षण देणारा कायदा आला. ज्या घरात आधी कुणी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, तिथली मुलं पाटी घेऊन बाहेर पडली. जन्माने जो विश्वास मिळवून दिला, त्याला शाळेने आणि कायद्याने पक्कं केलं.

आता या नात्याची दुसरी बाजू. मगोचं मुख्य वचन होतं गोव्याचं महाराष्ट्रात विलीनीकरण. सीमाभागातल्या मराठी माणसासाठी हा विषय आजही जिव्हाळ्याचा आहे, म्हणून पुढचे आकडे नीट बघण्यासारखे आहेत.

विलीनीकरणावर लोकांचा कौल घ्यायचं ठरलं. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून डिसेंबर १९६६ मध्ये बांदोडकर सरकारने राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवट आली. १६ जानेवारी १९६७ ला मतदान झालं. विलीनीकरणाची खूण होती फूल, वेगळं राहण्याची दोन पानं. फुलाला १,३८,१७० मतं पडली. दोन पानांना १,७२,१९१. फरक ३४,०२१ मतांचा.

त्यानंतर फक्त दहा आठवड्यांनी, २८ मार्च १९६७ ला विधानसभेची निवडणूक झाली. ज्या माणसाचा मुख्य मुद्दा नुकताच जनतेने नाकारला होता, त्याचाच पक्ष ३० पैकी १६ जागा घेऊन आला. बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले.

विधानसभेच्या जागा आणि कौलाची एकूण मतं या दोन वेगळ्या मोजण्या आहेत, हे खरं. तरीही भाऊसाहेबांना मानणाऱ्या काही मतदारांनी जानेवारीत दोन पानांवर शिक्का मारला आणि मार्चमध्ये सिंहावर, असंच या निकालाचं वाचन आजवर केलं गेलं आहे. गोव्यात हिंदू मतदार निम्म्याहून जास्त होते आणि मगोची ताकद त्यांच्यातच होती, तरी विलीनीकरणाला बहुमत मिळालं नाही. विरोधातला मोठा प्रचार मराठीतूनच झाला, हेही विसरून चालणार नाही. 'राष्ट्रमत' हे मराठी दैनिक आणि त्यातलं उदय भेंब्रे यांचं 'ब्रह्मास्त्र' हे सदर विलीनीकरणाच्या विरोधात होतं.

यातून निघणारा अर्थ सरळ आहे. लोकांनी भाऊसाहेबांना माणूस म्हणून स्वीकारलं, कारभारी म्हणून स्वीकारलं. पण आपल्या भूमीचं पुढे काय व्हावं, हा निर्णय त्यांच्या पार्श्वभूमीवर सोडला नाही. तो स्वतःकडे ठेवला.

बांदोडकरांनीही कौल मानला आणि राज्य चालवलं. १९७० मध्ये पक्षातल्याच काही आमदारांनी बंड केलं, तरी सरकार टिकलं. १९७२ मध्ये मगोच्या जागा वाढून १८ झाल्या. १२ ऑगस्ट १९७३ रोजी मुख्यमंत्रिपदावर असतानाच त्यांचं निधन झालं.

वारसा किती दिवस पुरतो?

त्यांच्यानंतर शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. गोव्याच्या त्या पहिल्या महिला मुख्यमंत्री. भाऊसाहेबांची मुलगी ही त्यांची सुरुवातीची पुंजी होती. त्यांच्या काळात १९७५ मध्ये मुंडकारांना घरातून हुसकावण्यापासून संरक्षण देणारा कायदा झाला आणि १९७६ मध्ये कूळ कायद्यात दुरुस्ती होऊन 'कसेल त्याची जमीन' हे तत्त्व आलं. म्हणजे वडिलांच्या नावावर त्या नुसत्या बसून राहिल्या नाहीत.

तरीही एप्रिल १९७९ मध्ये सरकार पडलं आणि १९८० च्या निवडणुकीत मगो ७ जागांवर आला. वडिलांचं नाव तेच होतं, समाज तोच होता. पण पक्षातली भांडणं आणि बदललेला काळ यापुढे नाव पुरलं नाही.

इंदूरची ताई : मतं मराठी नव्हती, तरी आठ वेळा

गोव्यात बांदोडकरांचा समाज आणि त्यांचा मतदार यांच्यात सरळ नातं होतं. इंदूरमध्ये उलटं चित्र दिसतं. होळकरांच्या काळापासून इंदुरात मराठी वस्ती आहे, पण मतदारसंघ हिंदीभाषक. नुसत्या मराठी मतांवर तिथे लोकसभा जिंकता येत नाही.

सुमित्रा महाजन यांचा जन्म १२ एप्रिल १९४३ चा, चिपळूणचा. माहेरच्या साठे. लग्न होऊन इंदुरात आल्या, तिथेच एमए आणि एलएलबी केलं. १९८० च्या दशकात महापालिकेत नगरसेविका, मग उपमहापौर. १९८५ मध्ये विधानसभा लढवली आणि हरल्या. १९८९ मध्ये भाजपने लोकसभेला उभं केलं, समोर होते प्रकाशचंद्र सेठी, मध्य प्रदेशचे माजी मुख्यमंत्री आणि केंद्रातले माजी गृहमंत्री. ताई जिंकल्या. तिथून २०१४ पर्यंत सलग आठ निवडणुका त्याच मतदारसंघातून जिंकल्या. जून २०१४ मध्ये लोकसभेच्या अध्यक्ष झाल्या.

त्यांच्या पार्श्वभूमीतलं इथे काय चाललं? कोकणातला जन्म नव्हे. चाललं ते सून असणं. इंदूरच्या घराघरांत बाहेरून आलेल्या सुना आहेत, माळव्यातल्या, निमाडातल्या, गुजरातेतल्या. परगावची मुलगी येऊन घर आपलं करते, हे नातं कुठल्याही भाषेच्या घरात समजतं. त्यात त्यांची रामायणावरची प्रवचनं, महिला मंडळांतला वावर आणि अहिल्याबाई होळकर यांच्यावरचं काम. अहिल्याबाई मराठी घरातल्या, पण इंदूरसाठी त्या सगळ्यांच्या. ताईंनी त्यांच्यावर 'मातोश्री' हे नाटकही लिहिलं. मराठीपण न लपवता, ते सगळ्या शहराचं होईल अशा जागी त्यांनी उभं केलं.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसासाठी यात शिकण्यासारखं बरंच आहे. संख्या कमी असताना ओळख सोडायची की ओळखीला चिकटून बाजूला पडायचं, असे दोनच रस्ते नसतात. तिसरा रस्ता इंदूरमध्ये चालून दाखवलेला आहे.

पण इथेही आकडे सबुरीने वाचायला हवेत. २००९ मध्ये ताईंचं मताधिक्य साधारण साडेअकरा हजारांवर आलं होतं. २०१४ मध्ये ते साडेचार लाखांच्या पुढे गेलं. माणूस तोच, पार्श्वभूमी तीच, मतदारसंघही तोच. मधल्या पाच वर्षांत देशातली हवा बदलली होती. २०१९ मध्ये ताई उभ्या राहिल्या नाहीत. भाजपने सिंधी समाजातले शंकर लालवानी यांना तिकीट दिलं आणि ते पाच लाखांहून जास्त मतांनी निवडून आले.

म्हणजे ताईंचं नातं खोटं होतं का? तसं नाही. पक्षाची लाट नव्हती तेव्हा, २००९ सारख्या अटीतटीच्या निवडणुकीत, हेच नातं कामाला आलं असणार. लाट आली की कुणाचं नातं किती, हे मोजता येत नाही. पडत्या काळातला निकालच ते दाखवतो.

भाई : साधेपणा हीच पार्श्वभूमी

मनोहर पर्रीकर यांचा जन्म १३ डिसेंबर १९५५ रोजी म्हापशाचा. मुंबईच्या आयआयटीतून १९७८ मध्ये धातुशास्त्राचे अभियंता झाले. १९९४ मध्ये भाजपचे गोव्यात पहिल्यांदा चार आमदार निवडून आले, त्यातले एक पणजीचे पर्रीकर. ऑक्टोबर २००० मध्ये मुख्यमंत्री झाले. पुढे देशाचे संरक्षणमंत्रीही.

पर्रीकर सारस्वत समाजातले. बहुजनांच्या राजकारणातून उभ्या राहिलेल्या गोव्यात जन्माची पार्श्वभूमी त्यांना फार पुढे नेणारी नव्हती. त्यांनी पुढे केली ती शिक्षणाची आणि राहणीची बाजू. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायात चपला, फाइलवर पकड, सरकारी नोकराला आकडे विचारून घाम फोडणारा इंजिनिअर. पणजी म्हणजे नोकरदार, दुकानदार, शिकलेल्या मध्यमवर्गाचं शहर. त्यांना आपल्यातला हुशार मुलगा मुख्यमंत्री झाल्यासारखं वाटलं. २०१२ मध्ये भाजपला ४० पैकी २१ जागा मिळाल्या आणि ख्रिस्ती आमदारही पक्षाच्या तिकिटावर निवडून आले. शेवटच्या आजारात नाकात नळी घेऊन मांडवीवरच्या पुलाची पाहणी करणारे पर्रीकर लोकांच्या डोळ्यांसमोर अजून आहेत.

तरी भाषेच्या प्रश्नावर त्यांच्याच घरच्या लोकांनी त्यांना सोडलं नाही. इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचं की नाही, यावर मराठी आणि कोकणी दोन्हींचे पाठीराखे एकत्र आले आणि भारतीय भाषा सुरक्षा मंच उभा राहिला. शशिकलाताई काकोडकर त्यात पुढे होत्या. २०१२ नंतर पर्रीकर सरकारने अनुदान चालू ठेवलं, तेव्हा संघाचे गोव्यातले प्रमुख सुभाष वेलिंगकर उघड विरोधात गेले. पुढे त्यांना पदावरून दूर करण्यात आलं, त्यांनी गोवा सुरक्षा मंच काढला. २०१७ मध्ये या पक्षाला एकही जागा मिळाली नाही, पण भाजप २१ वरून १३ वर आला.

१७ मार्च २०१९ रोजी पर्रीकर गेले. दोनच महिन्यांनी पणजीची पोटनिवडणूक झाली आणि २५ वर्षं हातात असलेली जागा भाजपने गमावली. काँग्रेसचे बाबूश मोन्सेरात जिंकले. काही आठवड्यांत तेच भाजपमध्ये आले. २०२२ मध्ये पर्रीकरांचे चिरंजीव उत्पल यांना पक्षाने पणजीचं तिकीट नाकारलं, ते अपक्ष लढले आणि ७१६ मतांनी हरले.

या ७१६ चा अर्थ दोन्ही बाजूंनी लावता येतो. पक्ष नाही, चिन्ह नाही, तरी एवढ्या जवळ आले, हे वडिलांच्या नावाचं बळ. आणि वडिलांचं नाव असूनही शेवटची ७१६ मतं जुळली नाहीत, ही त्या नावाची मर्यादा.

महाराज : मोठ्या घराचाही हिशोब होतो

साताऱ्याजवळच्या कण्हेरखेडचं शिंदे घराणं ग्वाल्हेरला गेलं आणि राज्यकर्तं झालं. संस्थान विलीन झालं तरी 'महाराज' हा शब्द राहिला. माधवराव शिंदे १९७१ मध्ये गुन्यातून लोकसभेत गेले आणि १९८४ मध्ये ग्वाल्हेरमधून त्यांनी अटलबिहारी वाजपेयी यांचा पराभव केला. वाजपेयींचा जन्मही ग्वाल्हेरचाच, म्हणजे गावचा मुलगा विरुद्ध गावचा राजा असा तो सामना होता.

ज्योतिरादित्य शिंदे २००२ पासून गुन्यातून सतत जिंकत आले. २०१९ मध्ये मात्र सव्वा लाखाच्या फरकाने हरले, तेही के. पी. यादव या कधीकाळी त्यांच्याच गोटात असलेल्या कार्यकर्त्याकडून. २०२० मध्ये ते भाजपमध्ये गेले आणि २०२४ मध्ये तिथूनच मोठ्या फरकाने परत आले. नाव, घराणं, मतदारसंघ काही बदललं नव्हतं. राजवाड्यातून आलेला मान हा मानच राहतो. मताचा हिशोब मतदार वेगळा ठेवतो.

बेळगाव : भाषा एक, मतं अनेक

आता घरचा विषय. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात १९५६ पासून 'आपला माणूस' याचा पहिला अर्थ मराठी बोलणारा आणि सीमाप्रश्नावर ठाम असणारा. महाराष्ट्र एकीकरण समितीचे आमदार याच नात्यावर वर्षानुवर्षं निवडून येत राहिले. २०१३ मध्ये समितीचे दोन आमदार होते. २०१८ मध्ये एकही नाही, २०२३ मध्येही नाही. २०१८ ला तर समितीतले गटच एकमेकांसमोर उभे होते.

पण लोकांच्या मनातून भाषा गेली, असं म्हणणं घाईचं ठरेल. सुरेश अंगडी यांच्या निधनानंतर एप्रिल २०२१ मध्ये बेळगाव लोकसभेची पोटनिवडणूक झाली. समितीने शुभम शेळके या तरुणाला उभं केलं. त्याला १ लाख १७ हजारांवर मतं पडली. विजयी झाल्या अंगडींच्या पत्नी मंगला अंगडी, काँग्रेसच्या सतीश जारकीहोळी यांच्यापेक्षा ५,२४० मतांनी जास्त घेऊन. एकाच निवडणुकीत पार्श्वभूमीचे तीन प्रकार समोरासमोर होते. दिवंगत नेत्याची पत्नी, जिल्ह्यातलं वजनदार राजकीय घराणं आणि भाषेचा झेंडा घेतलेला तरुण. तिघांनाही मतं मिळाली, निकाल लागला तो थोडक्या फरकाने.

बेळगावच्या मराठी मतदाराकडे आज दोन खाती आहेत असं म्हणता येईल. एक अस्मितेचं, एक रोजच्या कामाचं. उतारा, रेशन कार्ड, गटार, पाणी, मुलाच्या शाळेचा दाखला ही कामं दुसऱ्या खात्यात येतात. 'मी मराठी' एवढं सांगून उमेदवाराला पहिल्या खात्यातलं मत मिळतं. दुसऱ्या खात्यासाठी वॉर्डात दिसावं लागतं. मराठी शाळा टिकवणं आणि कागदपत्रं मराठीत मिळवणं ही कामं मात्र दोन्ही खात्यांत मोडतात. प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय राज्याने करावी, असं घटनेचं ३५० अ हे कलम सांगतं. भाषेचा अभिमान आणि रोजचं काम इथे एकाच अर्जावर येतात. बांदोडकरांनीही हेच केलं होतं. समाजाचा मान आणि गावातली शाळा त्यांनी वेगळी ठेवली नाही.

पार्श्वभूमी कागदावर कुठे सापडते?

प्रचारात सांगितली जाणारी पार्श्वभूमी ऐकीव असते. 'शेतकऱ्याचा मुलगा', 'चहा विकून मोठा झालो', 'तुमच्यातलाच' ही वाक्यं कुणीही बोलू शकतं. तपासायची सोय आता कायद्यातच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांनंतर प्रत्येक उमेदवाराला अर्जासोबत प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. त्यात स्वतःची, पती किंवा पत्नीची आणि अवलंबितांची मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि गुन्हेगारी खटले लिहावे लागतात. हा 'नमुना २६'. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर तो कुणालाही मोफत बघता येतो.

बघताना तीन गोष्टी तपासाव्यात. मालमत्ता मागच्या निवडणुकीतल्या प्रतिज्ञापत्रापेक्षा किती वाढली. उत्पन्नाचं साधन काय लिहिलं आहे आणि वाढ त्या साधनाला धरून आहे का. आणि घर, जमीन कुठे आहे, मतदारसंघात की बाहेर. गावात नुसता बॅनर आणि बाकी सगळं शहरात, असं असेल तर 'तुमच्यातलाच' या शब्दाला काय अर्थ राहतो, ते ज्याचं त्याने ठरवावं.

मतदाराने काय विचारावं?

पार्श्वभूमी बघूच नये, असा याचा अर्थ नाही. ज्या घराला कधी खुर्ची मिळाली नाही, तिथला माणूस खुर्चीत बसला की काय होतं, ते गोव्यातल्या कुळाने आणि मुंडकाराने पाहिलं आहे. सोसलेला माणूस सोसणाऱ्याचं दुःख लवकर ओळखतो, हे खरं आहे.

फक्त ओळखीच्या पुढे दोन प्रश्न आणखी विचारायला हवेत. या ओळखीतून आपल्या गावात कोणती शाळा, कोणता कायदा, कोणतं काम उभं राहिलं? आणि आपलं-त्याचं मत जुळणार नाही तेव्हा तो आपला कौल मानेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर गोव्याने १९६७ साली दोन बाजूंनी दिलं. लोकांनी आपल्याच भाऊसाहेबांना एका मुद्द्यावर 'नाही' म्हटलं, आणि भाऊसाहेबांनी ते 'नाही' मान्य करून पुढची सहा वर्षं त्याच लोकांचा कारभार पाहिला. पणजीजवळ मिरामारच्या किनाऱ्यावर त्यांची समाधी आहे. विलीनीकरण हवं होतं त्यांच्याइतकीच, ते नको होतं त्यांच्या घरातली माणसंही तिथे हात जोडतात.